मैदान कुणाच्या नावावर?

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या देवस्थान इनामाचा सातबारा काढून पाहा. भोगवटादाराच्या रकान्यात बहुधा माणूस नसतो. तिथे देव असतो, नाहीतर दर्गा, नाहीतर मशीद. त्याखाली पुजाऱ्याचं, मुतवल्लीचं किंवा वहिवाटदाराचं नाव असतं आणि इतर अधिकारात शेरा असतो की ही इनाम जमीन आहे, परवानगीशिवाय हस्तांतर करता येणार नाही. असा मालक फार सोयीचा. तो तलाठ्याकडे चकरा मारत नाही, मोजणीला हजर राहत नाही, फेरफारावर हरकत घेत नाही. त्यामुळे त्याच्या नावावरची जमीन सांभाळायला पुष्कळ लोक पुढे येतात. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात देवस्थानच्या आणि वक्फच्या इनाम जमिनी परस्पर खालसा करून विकल्याचे गुन्हे दाखल झाले, महसूल खात्यातली माणसंही त्यात आरोपी झाली. त्या बातम्यांनी इथे कुणी दचकलं नाही. आकडा ऐकून तेवढ्या भुवया उंचावल्या.

या जमिनींची कुंडली निजामी कागदांत आहे. इनाम कुणाला, कशासाठी, वारस कोण, हे ठरवून सरकार जो दाखला द्यायचं तो मुंतखब. तो उर्दूत. खटला उभा राहिला की आधी मुंतखब वाचणारा माणूस शोधावा लागतो, मग वकील. त्यानंतर १९५४-५५ची खासरा पाहणी. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात शेतात प्रत्यक्ष कोण उभं आहे याची जी नोंद झाली तिला आजही कोर्टात मोठं वजन आहे. १९५२च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याने इनामांचे वाद ऐकायची सोय केली. १९५४च्या कायद्याने इनामं रद्द केली, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं वगळली. म्हणून ती आजही आहेत, आणि त्यांचे वादही.

या कागदांत दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. मदतमाश म्हणजे एखाद्या माणसाच्या, घराण्याच्या चरितार्थासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे सेवेसाठी दिलेली: दिवाबत्ती करा, झाडलोट करा, बांग द्या, चौघडा वाजवा, उरूस भरवा, आणि त्या बदल्यात जमिनीचं उत्पन्न खा. मालकी तुमची नाही. सेवा थांबली की हक्क थांबला. निदान कागदावर तसं आहे. महादजी शिंद्यांचे गुरू मन्सूर शाह बीडचे. मराठा सरदाराने सूफी अवलियाच्या पायाशी बसावं आणि त्याच्या ठिकाणाची सोय लावावी, हे त्या काळात कुणाला खटकत नव्हतं. ज्याने इनाम दिलं त्याला दिव्यात तेल हवं होतं. सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागतं याची फिकीर नव्हती.

एवढं सगळं सांगायचं कारण क्लब आहे. आमच्याकडे क्लब म्हटलं की जिल्ह्याच्या गावचा ऑफिसर्स क्लब आठवतो, नाहीतर पत्त्यांचा क्लब, ज्याच्यावर पोलिसांचा छापा पडतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मुद्देमालाची यादी येते. जिमखाना ही चीज मुंबई-पुण्याची. तिच्यावर लिहिणारे सहसा क्रिकेटवर लिहितात, नाहीतर तिथल्या सँडविचवर. मला तिची जमीन बघावीशी वाटते, आणि ती बघताना बीडच्या महसुली चष्म्यातून फार स्पष्ट दिसतं. जिमखान्याला सरकारने दिलेली जमीन ही खिदमतमाश आहे. कुठली तरी खिदमत करायची म्हणून दिलेली, मालकी सरकारचीच असलेली, आणि पुढे वहिवाटदारांनी घरची समजलेली.

मुंबईची गोष्ट फोर्टच्या तटबंदीबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर सुरू होते. तोफांच्या माऱ्याला आडोसा नको म्हणून किल्ल्यासमोर मैदान मोकळं ठेवलेलं होतं, त्याला एस्प्लनेड म्हणत. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६०च्या दशकात तटबंदी पाडली गेली. पटांगण उरलं. त्यावर पारशी पोरं क्रिकेट खेळत. त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. हिंदू, मुसलमान पोरंही खेळू लागली. १८७५ साली गोऱ्यांनी आपले निरनिराळे खेळांचे गट एकत्र करून बॉम्बे जिमखाना काढला आणि पटांगणाचा दक्षिणेकडचा तुकडा त्यांना मिळाला. तिथे नेटिव्हाला प्रवेश नव्हता. तेवढ्यावर भागलं असतं तर इतिहास झाला नसता.

गोऱ्या साहेबांना पोलोही खेळायचा होता. घोडे आपल्या राखलेल्या हिरवळीवर कसे घालायचे? म्हणून पोलो बाहेरच्या, सगळ्यांच्या मैदानात. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी घोडे येत, टापांनी माती उकरून जात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांत पारशी-हिंदू पोरं यष्ट्या रोवत. ज्यांनी शेतात बैल शिरलेला पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. चेंडू खड्ड्यात पडला की कुठे उसळेल याचा नेम नसे, डोकं सांभाळून खेळावं लागे.

१८८१ साली पारशी क्रिकेटपटूंनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे अर्ज केला. ४६० सह्या. त्यांचं म्हणणं नेमस्त होतं: पोलो खेळणारे बोटांवर मोजण्याइतके, क्रिकेट खेळणारी पोरं शेकड्यांनी, मूठभरांच्या करमणुकीसाठी इतक्यांचं मैदान का नासवता? अर्जात राजनिष्ठेची भाषा भरपूर होती, पण मुद्दा सरळ जमिनीच्या वापराचा होता. सरकारला आधी तो पटला. पोलो कूपरेजकडे हलवायचं ठरलं. मग जिमखान्याने तक्रार केली की ती जागा पोलोला चालत नाही, आणि घोडे परत आले. पुन्हा अर्ज, पुन्हा उत्तरं. शापूरजी सोराबजी हे स्वतः या भांडणात होते. त्यांनी १८९७ साली पारशी क्रिकेटची बखर लिहिली आणि तिच्यात पोलो विरुद्ध क्रिकेट हा लढा तपशिलाने नोंदवला. आपल्याकडे मैदानावरच्या हक्कासाठी झालेल्या कागदी लढायांत ही फार जुनी, आणि मराठीत तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. सभा नाही, दगड नाही, नुसते अर्ज. पण अर्जाला उत्तर द्यायला सरकारला भाग पाडणारे.

याचा शेवट झाला तो मात्र वेगळाच. सामायिक मैदानावर कुणाचा हक्क, या प्रश्नाचं उत्तर सरकारने दिलंच नाही. त्याने नवी जमीन काढली. बॅकबेच्या काठाला भराव घालून केनेडी सी-फेस तयार झाला होता. मरीन ड्राइव्ह तेव्हा व्हायचा होता. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या काळात तिथली जागा पारशी जिमखान्याला मिळाली. मग लॉर्ड हॅरिस आले. स्वतः इंग्लंडचे कप्तान राहिलेले, क्रिकेटवेडे. १८९२ साली त्यांच्या सरकारने हिंदूंना आणि मुसलमानांना शेजारशेजारचे तुकडे दिले. हिंदू जिमखाना १८९४ साली उभा राहिला. देणगी देणाऱ्या कुटुंबातल्या परमानंददास जीवनदास यांचं नाव त्याला लागलं, म्हणून तो पी. जे. हिंदू जिमखाना. पुढे कॅथलिकांचाही झाला. आज मरीन लाइन्सहून चर्नी रोडकडे लोकलने जाताना हे सगळे जिमखाने एका रांगेत दिसतात, वाड्यांच्या वाटणीत भावाभावांनी भिंती घालाव्यात तसे.

या वाटणीत डोकं होतं. मैदान सगळ्यांचं आहे असं म्हणत एकत्र आलेल्या अर्जदारांना जमातवार इनाम देऊन घरी पाठवलं. ज्याला त्याला आपली हिरवळ, आपला मांडव, आपली वर्गणी. मूळ भांडण गोऱ्यांशी होतं. पुढचे सामने एकमेकांशी झाले. आधी पारशी आणि युरोपियन, १९०७ पासून हिंदूंना धरून तिरंगी, १९१२ पासून मुसलमानांसह चौरंगी, १९३७ पासून पंचरंगी. १९४० साली गांधीजींनी धर्मवार संघांना उघड विरोध केला, तरी ते सामने १९४६ पर्यंत चालले. एका सरकारी जमीनवाटपातून एवढं निघालं असं म्हणणं जरा ताणल्यासारखं होईल. पण जमिनीची वाटणी जशी झाली तसेच संघ पडले, हे नाकारता येत नाही.

आता खिदमत कोण करत होतं ते बघू. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात १८९०च्या दशकात एक चांभार समाजातला पोरगा खेळपट्टीवर रूळ फिरवत होता, जाळी बांधत होता, टेनिसच्या रेषा आखत होता. पगार महिना ४ रुपये. पालवणकर बाळू. बाप पलटणीत. ग्रेग नावाचा एक गोरा फलंदाज लवकर येई आणि सराव करायला बाळूला चेंडू टाकायला लावी. बाद केलंस की आठ आणे देईन, असं सांगे. डावखुरा बाळू अशा रीतीने तासन् तास टाकत राहिला. त्या क्लबात त्याला बॅट कधी हातात मिळाली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, नोकराने चेंडू टाकायचे.

पुण्यातल्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं आणि चांगला गोलंदाज तर या मैदान झाडणाऱ्या पोराइतका कुणी नव्हता. घेतलं त्याला. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूला मांडवाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे प्लेगच्या काळात तो मुंबईला आला, हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. सामना बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर, जिथे या अकरापैकी एकालाही सभासद होता येत नव्हतं. बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम, दोघे त्या संघात होते. बाळूला हिंदूंचं कप्तानपद कधी मिळालं नाही. ते १९२३ साली धाकट्या विठ्ठलला मिळालं. जिमखान्याची जमीन ज्या खेळासाठी म्हणून मिळाली, तो खेळ ज्याच्या हातात सगळ्यात जास्त होता त्याचं त्या जमिनीवर काय स्थान, हे त्या मातीच्या भांड्यावरून कळतं.

पुण्याच्याच मातीत एक वेगळा प्रयोगही झाला, त्याबद्दल लिहायलाच हवं. १९०६ साली मुठेपलीकडे, लकडी पूल ओलांडून भांबुर्ड्याच्या माळावर डेक्कन जिमखाना सुरू झाला. फर्ग्युसन कॉलेज आधीच तिकडे गेलेलं, बाकी शेतंच. क्लबाभोवती पुढे वसाहत झाली आणि क्लबाचं नाव अख्ख्या भागाला चिकटलं. आज रिक्षावाल्याला ‘डेक्कन’ म्हटलं की पुरतं. अध्यक्ष सर दोराबजी टाटा. १९१९ च्या सुमाराला जिमखान्याने भरवलेल्या शर्यतींत त्यांनी खेड्यातली माणसं अनवाणी धावताना पाहिली. ना पद्धतशीर सराव, ना पायात बूट, आणि वेळा मात्र युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या. यांना ऑलिंपिकला का नेऊ नये, हा विचार तिथून निघाला. १९२० साली पुण्यात निवड झाली आणि अँटवर्पला सहा जण गेले: पूर्मा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे धावपटू, कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे हे पैलवान. खर्चाचा मोठा वाटा टाटांचा. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. शिंद्यांचं कुस्तीतलं पदक एका जागेने हुकलं, ते चौथे. भारताचा पहिला ऑलिंपिक संघ एका क्लबाच्या मैदानावरून निघाला, आणि त्यात त्या क्लबाच्या बंगल्यांतली पोरं जवळजवळ नव्हतीच. मैदानाने दार उघडं ठेवलं म्हणून बाहेरचे आत आले. माझ्या हिशेबाने याला खिदमत म्हणायचं.

आणि आमच्याकडे? हैदराबाद संस्थानात, मराठवाड्यात, या काळात चार माणसांनी एकत्र बसायलाच बंदी होती. १९२९ च्या सुमाराच्या गश्ती निशान ५३ने सभेला आधी परवानगी घेणं सक्तीचं केलं. आखाड्यांवर नियम, खासगी शाळांवर नियम. मुंबईत पोलो हलवा म्हणून अर्ज करता येत होता. इथे अर्ज लिहायला जमलेली माणसंच संशयित. त्यामुळे आमच्या भागात क्लब नावाची गोष्ट वर आली ती अधिकाऱ्यांसाठी, आणि लोकांचं उठणं-बसणं गणपतीच्या मांडवात, वाचनालयात, शाळेच्या ओट्यावर चाललं. अंबाजोगाईचं त्या वेळचं नाव मोमिनाबाद. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून १९३५ साली तिथल्या योगेश्वरी विद्यालयात आले. मास्तर, पोरं, वर्ग. आणि त्याच वर्गातून पुढे संस्थानाविरुद्ध उभी राहणारी माणसं निघाली. त्यांचा क्लब म्हणायचा तर तो.

मोमिनाबादला जुनी छावणी होती हे नव्या पिढीच्या कानावर फारसं नाही. निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली हैदराबाद कंटिंजंट फौज औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद अशा ठाण्यांवर असे. मोमिनाबादला घोडदळ. या फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब निजामाच्या हातून गेला. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. कंटिंजंट मोडली आणि तिचं घोडदळ डेक्कन हॉर्ससारख्या पलटणींत मिसळून गेलं. म्हणजे बघा, एक फौज पोसण्यासाठी प्रांत गहाण पडला, ती फौज गेली, आणि वऱ्हाड काही परत आलं नाही. सेवा संपल्यावर जमीन धरून ठेवण्याचा हा सगळ्यात मोठा नमुना, आणि तो सरकारने सरकारशी केला.

एस्प्लनेडचे पुढे तुकडे पडले: आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज. आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला आजही बॉम्बे जिमखाना आहे. १९३३ च्या डिसेंबरात भारतातली पहिली कसोटी तिथेच झाली, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र आझाद मैदान क्रिकेटमुळे माहीत नाही. मोर्चामुळे माहीत आहे. २०२५ च्या २९ ऑगस्टला मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी तिथे उपोषणाला बसले. मूळ गाव बीड जिल्ह्यातलं मातोरी. परवानगी होती ती मोजक्या माणसांची आणि मोजक्या वेळेची; आली ती त्याहून कितीतरी जास्त, आणि बरीचशी बीड-जालन्याची. सीएसएमटीसमोरच्या रस्त्यावर पोरांनी कबड्डी मांडल्याची दृश्यं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. २ सप्टेंबरला उपोषण सुटलं ते हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणाऱ्या शासन निर्णयावर. निजामाच्या जुन्या नोंदी पुन्हा एकदा कामाला आल्या. मागणीचं बरोबर-चूक हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर इतरत्र पुष्कळ लिहून झालंय. मला दिसलं ते एवढंच की सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ज्या पटांगणावर कोण किती वेळ थांबणार याचे अर्ज चालले होते, तिथेच पुन्हा कोण किती वेळ थांबणार यावर उच्च न्यायालयात सुनावणी चालू होती.

मुंबईत अशा जमिनींचे भाडेपट्टे संपतात तेव्हा काय होतं याचं उदाहरण महालक्ष्मीचं रेसकोर्स. १९१४ चा पट्टा, १९९४ साली नूतनीकरण, ३१ मे २०१३ला मुदत संपली. त्यानंतर दहा वर्षं मुदत संपलेल्या पट्ट्यावर शर्यती चालूच राहिल्या. बीडच्या कुळाला दहा दिवस असं बसू दिलं नसतं. शेवटी २०२४ साली सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी घ्यायचे आणि ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या क्लबाकडे ठेवायचे असं ठरलं, तेही क्लबाच्या सभासदांनी मतदान करून मान्यता दिल्यावर. सरकारची आणि महापालिकेची जमीन सरकारला परत देण्याबद्दल भाडेकरूंचं मत विचारलं गेलं, हे वाचून मी पेपर खाली ठेवला होता.

क्लबांच्या विरोधात मी नाही. डेक्कनसारखं एखादं मैदान शंभर भाषणांपेक्षा जास्त काम करतं. पण खिदमतमाशला जो नियम लावला जातो तोच यांना लावावा. देवस्थानाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट सांगितलं की मालक देव. पुजारी नुसता व्यवस्थापक, मालकाच्या रकान्यात त्याचं नाव हवंच असं नाही. दिवा लावला नाही, उरूस भरवला नाही, जमीन परस्पर लग्नाच्या हॉलला दिली, तर शर्तभंग होतो आणि नोटीस निघते, निघायला हवी. जिमखान्याच्या पट्ट्यातही शर्ती असतात. वर्षातून किती दिवस मैदान बाहेरच्या पोरांना उघडं होतं, शाळांचे किती सामने झाले आणि हिरवळीवर किती लग्नं लागली, याचा हिशेब जिल्हाधिकाऱ्याने मागावा आणि तो चावडीवर लावावा. मुंबईत चावडी नसेल तर जिमखान्याच्या फाटकावर लावावा.

बीडमध्ये पोलीस भरतीची जाहिरात आली की पहाटे पाचला रस्ते भरतात. १६०० मीटर घड्याळ लावून धावायचे, आणि धावायचे कुठे, तर बायपासच्या कडेने, ट्रकांच्या उजेडात. बरीच पोरं ऊसतोड्यांच्या घरची. आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, पोरगं मामाकडे राहून तयारी करतंय. तालुक्याला क्रीडा संकुल असावं हे सरकारी धोरण २००१ पासून आहे. जिथे संकुल झालं तिथे फाटकाला कुलूप कुणाचं आणि किल्ली कुणाकडे, हे आधी विचारावं लागतं. त्या किल्लीवाल्याचं नाव सातबाऱ्यावर कुठल्याच रकान्यात नसतं.